आईची दोन नावं आणि पाच लाखांचं कवच

माझ्या आईचं लग्न १९७८ सालचं. ताटात तांदूळ पसरून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगठीने त्यात नाव लिहिलं आणि माहेरची शेवंता सासरी सुमन झाली. (दोन्ही नावं इथे बदलून लिहिली आहेत, बाकी सगळं जसं घडलं तसं.) आज्जीने, म्हणजे अण्णांच्या आईने, शेजारणींना साखर वाटली. पुढे आजोबांनी रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवलं ते सुमन. गावात आधारकार्डाचं शिबिर आलं तेव्हा मात्र मशीनवरच्या मुलाने "मावशी, नाव सांगा" म्हटलं आणि आई सहज बोलून गेली, शेवंता. तिला तिचं नाव कुणी विचारलंच नव्हतं इतकी वर्षं. सगळे तिला अमक्याची आई, तमक्यांची सून म्हणायचे.

हे सगळं मला माहीत होतं. घरात आम्ही त्यावर कधी विचारही केला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापूरच्या एका रुग्णालयात ह्या दोन नावांमुळे मला जे भोगावं लागलं, ते इतरांना भोगावं लागू नये म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात विम्यापासून करते. मी बार्शीत शिवणकाम करते. आई-अण्णा माढा तालुक्यातल्या आमच्या गावी, धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत. आईला बारा वर्षांपासून साखर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात भावकीतल्या एका काकांची बायपास झाली आणि त्यात त्यांची रस्त्याकडेची जमीन गेली. ते पाहून माझी झोप उडाली. मी ओळखीच्या एका विमा एजंटला दुकानात बोलावलं. त्याने चांगली बातमी आधी दिली: पूर्वी पासष्टीनंतर कंपन्या नवीन पॉलिसी द्यायला बांधील नव्हत्या, एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट गेली. मग हिशोब मांडला. दोघांचा मिळून वर्षाचा हप्ता अठ्ठेचाळीस हजार. त्या वेळी त्यावर १८ टक्के जीएसटी लागत होता (सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढला, पण आमची ही गोष्ट त्याआधीची). म्हणजे साडेछप्पन्न हजारांच्या वर. मी अस्तराच्या ब्लाउजचे तीनशे घेते. मनातल्या मनात भागाकार केला, एकशे एकोणनव्वद ब्लाउज. दोरा, अस्तर, हुक, वीजबिल धरलं तर त्याहून कितीतरी जास्त. आणि एवढं करून पहिली तीन वर्षं साखरेशी संबंध असलेलं काही निघालं तर कंपनी ते देणार नव्हती. आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबायला लावता येतं, असा नियम आहे. एजंटने काही लपवलं नाही, त्याबद्दल मी त्याला मानते. पण आईला लागेल तेच तर मिळणार नव्हतं. मी नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर नोव्हेंबरात गावी गेले तेव्हा आशाताई, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्त्या, घरी आल्या होत्या. हातात मोबाईल, खांद्याला पिशवी, घरोघरी फिरून सत्तरीच्या पुढच्या माणसांची यादी करत होत्या. २९ ऑक्टोबर २०२४ ला, धनत्रयोदशीच्या दिवशी, केंद्राच्या आयुष्मान भारत ह्या आरोग्य योजनेचा नवा भाग सुरू झाला होता: सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मोफत. उत्पन्नाची अट नाही, गरीब कुटुंबांच्या सरकारी यादीत नाव असण्याची अट नाही. त्याचं कार्ड वय वंदना नावाने मिळतं. लागतं फक्त आधार, वयासाठीही तेच आणि पत्त्यासाठीही तेच. खासगी विमा असला किंवा ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असला तरी चालतं. केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना असेल, तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ते पाच लाख दोघांत मिळून.

अण्णा त्र्याहत्तर वर्षांचे. आशाताईंनी त्यांना ओट्यावर उजेडात बसवलं. बोटांचे ठसे घ्यायचा प्रयत्न केला, मशीनने तीनदा नाकारलं. उभा जन्म ज्वारी काढण्यात आणि ऊस तोडण्यात गेलेली बोटं ती, त्यांच्यावर रेघाच उरलेल्या नाहीत. मग चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे ती वापरली. "अण्णा, डोळ्यांची उघडझाप करा." अण्णांनी डोळे मोठे केले, मिटले, उघडले. हिरवी खूण आली. चहा होईपर्यंत कार्ड तयार झालं होतं. अण्णांनी ते मोबाईलमध्ये पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच? कागद न्हाय, सही न्हाय, साहेब न्हाय?" त्यांचा विश्वास बसत नव्हता. खरं सांगायचं तर माझाही.

आता आईची पाळी. आई सहासष्ट वर्षांची, म्हणजे सत्तरीचं दार तिच्यासाठी बंद. तिला जायचं होतं ते दुसऱ्या दाराने, आणि ते आपल्या राज्यात बरंच जुनं आहे. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आमचा सोलापूर जिल्हा होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, मग २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२४ पासून ती पाच लाख झाली आणि पिवळं, केशरी, पांढरं असा भेद न ठेवता सगळ्या रेशनकार्डधारकांना योजना खुली केली. त्या वेळी १३५६ उपचार त्यात बसत होते. हप्ता आपण भरायचा नाही.

हे सगळं ऐकायला छान आहे. पण ह्या दाराची किल्ली आहे रेशनकार्ड. आशाताईंनी आमच्या केशरी कार्डाचा बारा आकडी नंबर टाकला, कुटुंबाची यादी उघडली. अण्णांचं नाव, भावाचं नाव, आणि सुमन. सुमनवर बोट ठेवून आधारशी जुळवायला गेल्या, तर आधार म्हणतं शेवंता. फोटो एकाच बाईचा, नवऱ्याचं नाव एक, आडनाव एक, गाव एक. पण पहिलंच नाव वेगळं म्हटल्यावर जुळणी कमी पडली. अर्ज "प्रलंबित" झाला आणि आठवड्याने "नामंजूर" असा मेसेज आला.

आशाताईंनी मला त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, तहसीलला जाऊन रेशनकार्डावरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. हे आजारी पडायच्या आधी करायचं काम आहे." हे वाक्य मला शब्दाला शब्द आठवतं. मी हो म्हटलं. लग्नसराई तोंडावर होती, माझ्याकडे एकाच महिन्यात चार लग्नांचे ब्लाउज होते. भावाला सुट्टी नव्हती. संक्रांत झाली की करू, असं ठरलं. संक्रांत झाली, ज्वारीची काढणी आली. काम राहिलं. ह्यात दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. पहाटे साडेचारला अण्णांचा फोन आला. आईला दरदरून घाम फुटला होता, जबडा आणि डावा खांदा ओढल्यासारखा दुखत होता. छातीत कळ नव्हती. ती म्हणत होती पित्त झालंय, ओवा दे. साखर असलेल्या माणसाला छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. शेजारच्या पोराने ओवा-बिवा न पाहता १०८ ला फोन लावला, त्याचे उपकार आहेत आमच्यावर. मी आणि आमचे हे बार्शीहून मोटारसायकलवर कुर्डुवाडीला पोचलो तोवर सरकारी दवाखान्यात ईसीजी निघाला होता आणि आईला गोळ्या चघळायला दिल्या होत्या. "सोलापूरला न्या, वेळ घालवू नका." त्याच रुग्णवाहिकेत मी आईजवळ बसले.

रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी आईला जपलं, आणि काउंटरने मला छळलं. दोन्ही खरं आहे.

सकाळी पावणेआठला आईला आत घेतलं, डॉक्टर कामाला लागले. बाहेर दर्शनी भिंतीवर योजनेचा मोठा फलक, त्याखाली आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना योजनेत मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल. खुर्ची रिकामी. बिलाच्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "कॅश की मेडिक्लेम?" मी म्हटलं, योजनेतून. तो म्हणाला, "ते नंतर बघू, आधी तीस हजार डिपॉझिट भरा, फाईल पुढे जाईल." माझ्या पर्समध्ये नऊ हजार होते. आमच्या ह्यांनी दुकानाच्या खात्यातून आणखी अकरा हजार पाठवले. वीस हजार भरले. त्या क्षणी मला भांडायचं सुचलं नाही, आणि आई आत असताना कुणालाच सुचणार नाही. एक मात्र केलं, पक्की पावती मागून घेतली. तो आधी कच्च्या चिठ्ठीवर लिहून देत होता. मी म्हटलं, छापील द्या. ती पावती पुढे कामी आली.

मग फलकावरच्या १५५३८८ ह्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने रुग्णालयाचं नाव, आईचं वय, काय झालंय ते विचारलं आणि म्हणाली, "मॅडम, पैसे भरायची गरज नव्हती. आरोग्यमित्राला कळवते." वीस मिनिटांत एक तरुण मुलगा धावत आला. रात्रपाळीचा गेला होता, ह्याची पाळी सुरू व्हायची होती. त्याने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, "ताई, इथं आल्याबरोबर मला शोधायचं होतं. काउंटरवर जायच्या आधी. मला कळल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही." मी हे वाक्य मुद्दाम लिहिते आहे.

त्याने रेशनकार्ड आणि आधार मागितलं. दोन्ही शेजारी ठेवली आणि तो गप्प झाला. मला कळलं.

"नाव वेगळं आहे, ताई."

मी सगळं सांगितलं. तांदूळ, अंगठी, शिबिर. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "रोज एक तरी केस अशी येते. बायकांचीच." मग त्याने मार्ग सांगितला. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर द्यायचे. पण तीन दिवसांत. तीन दिवसांत शेवंता आणि सुमन एकच आहेत हे कागदावर दिसलं पाहिजे, नाहीतर केस योजनेतून बाहेर. त्याने आयसीयूत जाऊन आईचा खाटेवरचा फोटो काढला, ईसीजी जोडला, फोन लावला.

दहा वाजता डॉक्टरांनी अँजिओग्राफीचं चित्र दाखवलं. हृदयाच्या पुढच्या बाजूची मुख्य नस बंद होती. लगेच स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, टाकायचा. काउंटरने एक कागद माझ्यापुढे सरकवला: योजनेतून मंजुरी न मिळाल्यास संपूर्ण बिल, अंदाजे एक लाख साठ हजार, नातेवाईक भरतील. मी सही केली. माझी सही सासरच्या नावाची. माझ्या बँकेच्या पासबुकावर अजून माहेरचं आहे, हे मला त्याच वेळी आठवलं.

आई साडेअकराला बाहेर आली. चेहरा पांढराफटक, पण डोळे उघडे. मला पाहून पहिलं विचारलं, "तुझ्या अण्णांनी गोळी खाल्ली का?"

आता उरले तीन दिवस. शुक्रवार दुपार आणि सोमवार. मधले शनिवार-रविवार सरकारी कार्यालयं बंद. भाऊ पुण्याहून निघाला होता. मी त्याला सांगितलं, सोलापूरला येऊ नको, सरळ माढ्याला तहसीलला जा. त्याला आधी पटेना, आईला बघायचं होतं त्याला. मी म्हटलं, आईला मी बघते, तू तिचं नाव बघ.

चार वाजता तो पुरवठा विभागात पोचला. टेबलावरच्या क्लार्कने सांगितलं, अर्ज द्या, पंधरा दिवसांनी या. भावाने मोबाईलवर आईचा आयसीयूतला फोटो दाखवला. क्लार्क उठला आणि त्याला नायब तहसीलदारांकडे घेऊन गेला. ह्या माणसाबद्दल मला आदर वाटतो, त्याला नियम तोडायचा नव्हता पण त्याने खुर्ची सोडली. नायब तहसीलदारांनी काय लागेल ते एका कागदावर लिहून दिलं: नाव दुरुस्तीचा अर्ज, दोन्ही कार्डांच्या प्रती, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जुन्या नावाचा एखादा पुरावा. सोमवारी कार्यालय उघडल्या उघडल्या आणा, म्हणाले.

जुन्या नावाचा पुरावा कुठून आणायचा? आई चौथीपर्यंत शिकली, तिच्या माहेरच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. मामा शनिवारी सकाळी गुरुजींच्या घरी गेले. शनिवारी सकाळची शाळा असते हे आमचं नशीब. गुरुजींनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढलं, पानं एकमेकांना चिकटलेली. मामांनी त्या पानाचा फोटो मला पाठवला. निळ्या शाईत, कुण्या जुन्या मास्तरांच्या वळणदार अक्षरात, शेवंता, पुढे तिच्या वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख. शेरा: "घरकामामुळे शाळा सोडली." मी आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून तो फोटो मोठा करून करून पाहिला. आईला आत नेऊन दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे अक्षर आमच्या देशपांडे मास्तरांचं." हेही आडनाव बदललंय, पण आईला ते अक्षर पन्नासहून जास्त वर्षांनी ओळखू आलं.

गुरुजींनी त्यावरून दाखला लिहून दिला. सोमवारी दहाला भाऊ तहसीलमध्ये हजर. प्रतिज्ञापत्र झालं, अर्ज झाला, आणि साईट बंद पडली. अकरा वाजले, बारा वाजले. आरोग्यमित्राचे मला दोन फोन आले. मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांकडून क्वेरी आली होती, नावाबद्दलचीच, आणि उत्तर आजच जायला हवं होतं. मी भावाला दर दहा मिनिटांनी फोन करत होते, शेवटी तो म्हणाला, "अक्का, आता फोन करू नको, झालं की मीच करतो." साडेबाराच्या पुढे कधीतरी साईट चालू झाली. एक वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोटो आला. संगणकाच्या पडद्यावरची यादी, आमच्या कार्डाचा बारा आकडी नंबर, आणि दुसऱ्या ओळीत सुमनच्या जागी शेवंता.

मी तो आरोग्यमित्राला पाठवला, वर जाऊन त्याच्या टेबलाशीही उभी राहिले. त्याने कागद चढवले. संध्याकाळी पावणेसहाला मंजुरी आली.

आई सहाव्या दिवशी घरी आली. स्टेंट, ऑपरेशन, आयसीयू, जेवण, तपासण्या, सगळं योजनेत बसलं. घरी सोडताना आरोग्यमित्राने पुढच्या दिवसांची औषधं मिळवून दिली, आणि परतीचं एसटीचं भाडंही दिलं. ते पॅकेजमध्येच धरलेलं असतं. किती जणांना हे माहीत असेल? मला तर ऐकूनही खरं वाटेना.

राहिले ते वीस हजार. काउंटर म्हणालं, अँजिओग्राफी आणि सुरुवातीच्या रक्ततपासण्या योजनेच्या बाहेरच्या आहेत. आरोग्यमित्राने मला हळूच सांगितलं की स्टेंट टाकला असेल तर त्याआधीची अँजिओग्राफी वेगळी आकारता येत नाही, तुम्ही लेखी तक्रार करा. योजनेचे जिल्हा समन्वयक असतात, त्यांच्याकडे अर्ज दिला, सोबत छापील पावतीची प्रत. हेल्पलाइनवरही नोंदवलं. आठव्या दिवशी रुग्णालयातून फोन आला, पैसे घेऊन जा. मी गेले, मोजून घेतले. कच्च्या चिठ्ठीवर भागवलं असतं तर ते वीस हजार कधीच परत आले नसते, ह्याबद्दल माझी खात्री आहे.

योजनेत काय बसत नाही तेही सांगायला हवं, नाहीतर लोक भलत्या आशेवर राहतात. ही योजना दवाखान्यात भरती झाल्यावरची आहे. आईच्या साखरेच्या रोजच्या गोळ्या, महिन्याची डॉक्टरची फी, बाहेरून केलेली तपासणी ह्यासाठी ती नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात, त्या आम्ही जनऔषधीच्या दुकानातून आणतो. त्याच औषधाची मोठ्या नावाची पट्टी घेतली असती तर परवडलं नसतं. आणि उपचार योजनेत अंगीकृत केलेल्या रुग्णालयातच मिळतात, तेही त्या रुग्णालयाला ज्या आजारासाठी मान्यता आहे त्यासाठीच. एखाद्या ठिकाणी हाडाचं होईल पण हृदयाचं होणार नाही. आपल्या भागात कुठे काय होतं, हे आधी विचारून ठेवावं. आयुष्मानची हेल्पलाइन १४५५५ आहे, राज्याची १५५३८८ आणि १८०० २३३ २२००.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मला फार लागली. अण्णांचं नाव जन्मापासून आजपर्यंत एकच आहे. सातबाऱ्यावर, रेशनवर, आधारवर, मतदार यादीत. भावाचंही तसंच. नाव बदललं ते आईचं, माझं, माझ्या सासूबाईंचं. ज्या रीतीने आम्हाला घरात घेतलं त्याच रीतीने कागदांत आमचे दोन तुकडे केले, आणि हे तुकडे जुळवायचं काम आजारपणात, खाटेशेजारी उभं राहून आमच्याच माणसांना करावं लागतं. सरकारने पाच लाख ठेवलेत, मोठी गोष्ट आहे. पण जिथे घरात आधीच पटलेली ओळख यंत्राला पटत नाही, तिथे लग्नानंतर बदललेल्या नावासाठी एक सोपी वाट असायला हवी. आशाताईंच्या मोबाईलवरच, त्याच ओट्यावर.

एप्रिलमध्ये आईचं कार्डही निघालं. ह्या वेळी जुळणीला काही अडलं नाही. आशाताईंनी ते छापून प्लास्टिकमध्ये घालून आणलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, मग आईकडे पाहिलं आणि सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला हाक मारली, "शेवंता, चहा ठेव." आई चुलीपाशी होती. तिने मागे वळून पाहिलंच नाही, आपल्याला कुणी बोलावतंय हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला.

आता माझ्या दुकानात माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला मी विचारते, रेशनकार्डावर काय नाव आहे, आधारवर काय आहे. टेप गळ्यात असते, वही उघडी असते, तेवढ्यात बोलणं होतं. मोबाईलमध्ये दोन्हींचे फोटो असतील तर तिथेच ताडून बघते. माझं पासबुक मी मार्चमध्येच बदलून घेतलं. सासूबाईंच्या रेशनकार्डावरच्या नावात एक काना कमी होता, तोही घातला. गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या दोघी आणि एक मेस चालवणाऱ्या मावशी, तिघींची नावं वेगवेगळी निघाली. मावशींना तर माहेरचा शाळेचा दाखला कुठे असेल तेही आठवत नव्हतं, आता त्यांच्या भावाला फोन लावलाय. सोमवारी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवून तिघींना घेऊन बार्शी तहसीलला जायचं आहे. साईट चालू असली म्हणजे झालं.